न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्र शिकून लातूर जिल्ह्यात समुपदेशन करता येईल का?

प्रश्न (लातूर)
मी मानसशास्त्रात बी.ए. केले असून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत एम.ए.साठी अर्ज करण्याचा विचार आहे. १८३१ मध्ये स्थापन झालेले हे मोठे खासगी विद्यापीठ वॉशिंग्टन स्क्वेअरभोवती भर शहरात वसलेले आहे आणि संशोधनासाठी नावाजलेले आहे. परत येऊन आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांसाठी समुपदेशन करावे, एवढीच माझी इच्छा आहे. वडील शेतीवर कर्ज काढायला तयार झाले आहेत, म्हणून जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

उत्तर १ (नांदेड)
ताई, कर्ज काढण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखेतील एम.ए. संशोधनाची तयारी करून घेते, उपचाराचा परवाना मिळवून देत नाही. समुपदेशनाचे शिक्षण तिथे स्टाइनहार्ट या वेगळ्या शाखेत दिले जाते. शिवाय न्यूयॉर्क राज्यात मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यासाठी डॉक्टरेट लागते, तर भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मानसिक आजारांचे निदान व उपचार करणारा) म्हणून काम करायचे असल्यास १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि ती मानसशास्त्रातील नुसत्या सर्वसाधारण एम.ए.वर होत नाही, मग ती कुठल्याही विद्यापीठाची असो. खर्चाचे म्हणाल, तर एम.ए.चे शुल्क बहुतेकांना स्वतःच भरावे लागते. याउलट अशा विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना साधारणपणे शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते. मात्र निवड कठीण असते आणि प्रयोगशाळेतील अनुभव पाहिला जातो.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)
वरील माहिती बरोबर आहे, परंतु संशोधनाचा मार्ग आपल्या कामाचा नाही असा अर्थ त्यातून कृपया काढू नये. नैराश्य तपासण्याच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असून पहिलाच प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद न वाटण्याचा त्रास किती वेळा झाला, असा आहे. यावर आपल्याकडे बाई सांगते, ‘करमत नाही.’ नव्याने सासरी आलेली मुलगीही हेच म्हणते, आणि पीक हातचे गेल्यावर ओसरीवर बसून राहिलेला माणूसही हेच म्हणतो. हे दोन्ही एकाच खान्यात टाकले तर एकीला उगाच रुग्ण ठरवले जाईल आणि दुसऱ्याचे दुखणे निसटून जाईल. प्रश्नावलीचे भाषांतर करून ते पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे, कोणत्या शब्दामागे कोणते दुखणे आहे हे शेकडो माणसांशी बोलून ठरवणे, हे काम मराठवाड्याची बोली घरात ऐकलेल्या माणसानेच करावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याची पद्धत अशा विद्यापीठांत उत्तम शिकवली जाते.

प्रश्नकर्ती
दोघांचीही मी आभारी आहे. ‘करमत नाही’ हा माझ्या आजीचा रोजचा शब्द आहे, त्याचा असा विचार मी कधी केला नव्हता. कर्जाचे सध्या थांबवा, असे वडिलांना आज सांगितले आहे. एम.ए. इथेच करून प्रबंधासाठी हाच विषय घेतला, तर पुढे पीएच.डी.च्या अर्जात तो अनुभव धरला जाईल का?

उत्तर १ (नांदेड)
नक्की धरला जाईल. मार्गदर्शक निवडताना संख्याशास्त्र कसून शिकवणारे पाहा.