गुडघा दुखतोय, तापीकाठचे सव्वादोनशे किलोमीटर उरलेत. पुढचं कसं करू?

तापीकाठची बाई
नमस्कार. मुलताईला तापीच्या उगमापासून निघून सुरतजवळ डुमसला समुद्रापर्यंत सायकलने जायचं ठरवून निघालेय. नदीची लांबी ७२४ किलोमीटर. बऱ्हाणपूर, रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा करत आज नवव्या दिवशी प्रकाशा गावाला पोचले. तापी-गोमाईच्या संगमावर बसूनच लिहितेय.

मी धडगावकडच्या आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे सिकलसेलची मुलं आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं गेलं की दुखणं उठतं. डिसेंबरात सातवीतली एक पोरगी रात्री दोन वाजता माझ्या दाराशी आली. भिंत धरून उभी होती. "बाई, पाय फुटताहेत," एवढंच म्हणाली. रक्त चढवायला नंदुरबार गाठावं लागतं. उपचाराला पैसे पडत नाहीत, पण घाट उतरायला जीप करायची तर आईबापाची तीन-चार दिवसांची मजुरी जाते. म्हणून पोरं उशिरा पोचतात. या सायकलफेरीतून जमणारा सगळा पैसा या जीपभाड्यासाठी आहे. ओळखीच्या ६१ जणांनी किलोमीटरमागे कुणी १ रुपया, कुणी ५ रुपये कबूल केलेत.

शिरपूर सोडल्यापासून डावा गुडघा वाटीच्या खाली, पुढच्या बाजूने दुखतोय. सायकल भाच्याची आहे. इथून नंदुरबार-नवापूरमार्गे जाऊ की निझर-उच्छलच्या आतल्या रस्त्याने? दोन दिवसांत संपवू की तीन? आणि एखादा टप्पा गाडीत बसावं लागलं, तर ते किलोमीटर धरायचे का? माझं मन नको म्हणतंय.

भुसावळचा सायकलस्वार
ताई, पुढून दुखतोय म्हणजे आधी सीट बघा. सीट खाली असली की पुढून दुखतं, फार वर असली की मागून. उसन्या सायकलची सीटची दांडी खड्ड्यांच्या धक्क्याने हळूहळू खाली सरकते, रोज थोडी, म्हणून लक्षात येत नाही. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग दांडीला चिकटपट्टी लावून खूण करा. चढ असो नसो, हलका गियर ठेवा, पाय भराभर फिरू द्या. जोर लावून रेटू नका. रात्री बर्फाने शेका. सूज आली किंवा झोपेतही दुखायला लागलं, तर मात्र थांबा आणि डॉक्टरला दाखवा.

नवापूरकर
नवापूरमार्गेच या. निझरकडून अंतर वाचल्यासारखं वाटेल, पण एकट्या बाईमाणसाला पंक्चर झालं तर मदत हायवेवर लवकर मिळते. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पडल्यात, तिथून जाताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, नाहीतर खोकून जीव जाईल. कोंडाईबारीचा घाट तुम्हाला लागत नाही, तुम्ही त्याच्या खाली विसरवाडीला निघता. पण घाट उतरून आलेले ट्रक तिथे वेगात असतात. हायवेला लागताना उतरून चालत ओलांडा. उसाच्या गाड्यांमुळे अंधार पडल्यावर सायकल चालवू नका. नवापूरच्या स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथून पुढे सोनगड, व्यारा, बारडोली.

शिरपूरनी माय
ताई, आते घाई करू नको व. तीन दिवस घे. आमच्या गावावरून गेलीस आणि कळलं नाही, याची हळहळ वाटते. दादर ज्वारीची भाकरी अन् भरीत खाऊ घातलं असतं.

आरोग्यसेविका
मुक्कामी लोक जमतात तेव्हा सिकलसेलच्या तपासणीचंही बोला. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे या आजाराचं एकेक जनुक असलेले, असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. १ जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे. लग्नाआधी दोघांनी करून घेतली तर पुढचं कितीतरी टळेल.

मोलगीचा बाप
बाई, माझा पोरगा याच दुखण्याचा आहे. जीप मिळाली म्हणून दोनदा वेळेवर पोचलो, एकदा नाही पोचलो. किलोमीटर कमी भरले तर कमी भरू द्या. तुम्ही धड पायांनी शाळेत परत या. रात्री पोरं तुमचंच दार वाजवतात.

तापीकाठची बाई
भुसावळच्या भाऊंनी सांगितलं तसं बघितलं. दांडी दोन बोटं खाली आली होती! वर घेतली, चिकटपट्टी लावली, गावातच दोन फेऱ्या मारून बघितल्या. दुखणं गेलं नाही, पण कळ बसत नाही.

तीन दिवस घेतेय. उद्या नंदुरबार करून नवापूर, परवा बारडोली, तिसऱ्या दिवशी डुमस. तपासणीचं उद्यापासून सांगते. गाडीत बसावं लागलं तर किती किलोमीटर ते त्याच दिवशी ६१ जणांना कळवेन आणि तेवढे पैसे धरणार नाही.

मोलगीच्या दादा, तुमचं दोनदा वाचलं. पोराला पाणी प्यायला लावत जा, थंडी अजून आहे.

नवापूरकर, विसरवाडीला भेटणार असाल तर हार आणू नका. बर्फ आणा.