मदत हवी आहे: तीन कंपन्या, तीन याद्या, एक फोन. आजच ठरवायचंय

घाईतली_गौरी
मंडळी, पटकन सांगा. तीन मोबाइल कंपन्यांच्या फोनच्या याद्या समोर ठेवून दोन तास बसलेय. 'क' कडे सगळे महागडे फोन, आणि तळाला स्वतःचा छाप मारलेले दोन स्वस्तातले. 'ख' कडे मधल्या किमतीचे ढीगभर. 'ग' ची यादी छोटी, पण प्लॅनबरोबर एक फोन जवळजवळ फुकट, 36 महिन्यांचा करार. ऑफर उद्या रात्री संपतेय. कॅमेरा, गेम वगैरे काही नको, साधा आणि चांगला फोन हवा. तिघांपैकी कोणाची यादी बरी? डोकं चालेनासं झालंय.

बॅटरीबहाद्दर
5000 एमएएचच्या खाली घेऊच नका. बाकी सगळी जाहिरातबाजी.

नेटके_नाना
'साधा आणि चांगला' म्हणजे काय? कोणासाठी हवाय? नंबर तोच ठेवायचा की नवा? आणि क-ख-ग कोण ते तरी सांगा. बाराखडीवरून फोन कसा निवडणार?

घाईतली_गौरी
नावं मुद्दामच टाकली नाहीत. टाकली की कोणाची रेंज भारी यावर शंभर प्रतिसाद पडतील आणि माझा फोन राहील बाजूला. वडिलांसाठी हवाय. नंबर तोच. यादी कोणाची चांगली एवढंच सांगा ना!

रूटरमण
कुणाचीच नाही. कंपनीकडून फोन घेणं हीच मुळात चूक. त्यांच्या फोनमध्ये नको ती अ‍ॅप्स कोंबलेली असतात, काही काढताही येत नाहीत. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा कायमचा बंद. उद्या वेगळी रॉम, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायची म्हटली तर काय करणार? मोकळा फोन घ्या, सिम कोणाचंही घाला.

नेटके_नाना
रमणराव, त्या वडिलांसाठी फोन बघताहेत. वडील रॉम टाकणार आहेत का?

रूटरमण
का टाकू नये? माझे काका टाकतात.

हिशेबी
'जवळजवळ फुकट' या शब्दांवर जरा थांबा. अशा करारात सूट पहिल्या दिवशी हातात पडत नाही. फोनची पूर्ण किंमत तुमच्या नावावर चढते आणि तिचा छत्तिसावा भाग दर महिन्याच्या बिलातून वजा होत राहतो. चौदा महिन्यांनी कंपनी बदलली तर उरलेल्या 22 भागांची सूट गेली, आणि बाकी रक्कम बहुधा एकदम भरावी लागते. शिवाय ही सूट अनेकदा वरच्या प्लॅनवरच लागू असते. वडिलांना तेवढा डेटा लागतो का? प्लॅनमधला फरक गुणिले 36 करून बघा, मग फुकट म्हणा.

प्रवासी_पक्षी
आणि फोन सिमलॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम न घेणारा, असेल का तेही विचारा. देशादेशात नियम वेगळे. कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून कंपन्यांना लॉक लावून फोन विकता येत नाही. ब्रिटनमध्ये ती बंदी 2021 च्या डिसेंबरात आली, जपानमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. इतर बऱ्याच ठिकाणी अजून 'पैसे फिटेपर्यंत लॉक' चालतं. तुम्ही कुठे राहता?

जुनाजाणता
अवांतर: पूर्वी फोनच एका कंपनीला बांधलेला असायचा. 2007 मध्ये आयफोन आला तेव्हा अमेरिकेत तो फक्त एटीअँडटी या मोबाइल कंपनीकडे मिळायचा. व्हेरायझनकडे यायला 2011 उजाडलं. फोन आवडला म्हणून लोक नंबर उचलून दुसऱ्या कंपनीत जायचे. तेव्हा कंपनीची यादी म्हणजे खरंच यादी होती. आता तेच चार फोन सगळीकडे, फक्त हप्ते वेगळे.

घाईतली_गौरी
इतिहास नंतर वाचते, प्रॉमिस. 'क', 'ख' की 'ग'?

नेटके_नाना
गौरीताई, आत्ताच्या फोनला काय झालंय? बंद पडला का?

घाईतली_गौरी
बंद कुठे पडलाय, चांगला चालतोय. पण त्यांना फोनवर नीट ऐकूच येत नाही. आवाज पूर्ण वाढवला तरी 'काय? कोण? परत सांग' चालू. म्हणून मोठ्या आवाजाचा फोन हवा.

नेटके_नाना
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, हो.

बॅटरीबहाद्दर
मग दोन स्पीकरवाला घ्या. पण बॅटरी बघून.

कर्णिका
वडील श्रवणयंत्र वापरतात का?

घाईतली_गौरी
हो, गेल्या वर्षीपासून दोन्ही कानांत मशीन आहे. त्याचा फोनशी काय संबंध?

कर्णिका
अहो, सगळा संबंध त्याच्याशीच आहे! मी स्वतः नऊ वर्षं यंत्र लावतेय, म्हणून जरा लांबण लावते.

फोनचा आवाज यंत्रात तीन वाटांनी जातो. पहिली, फोन कानाला लावायचा आणि यंत्राच्या माइकने तो ऐकायचा. बहुतेक घरी हेच चालतं आणि यातच शिट्टी वाजते, कारण माणसं फोन कानाच्या भोकाशी धरतात. माझ्यासारखं कानामागे बसणारं यंत्र असेल तर त्याचा माइक वर असतो, फोन तिथे धरावा लागतो. दुसरी वाट टेलिकॉइल, म्हणजे फोनचं चुंबकीय सिग्नल पकडणारी यंत्रातली छोटी तारेची गुंडाळी. फोनच्या माहितीत एम3, टी3 किंवा एम4, टी4 असं दिसलं तर एम माइकसाठी आणि टी टेलिकॉइलसाठी. आकडा 4 पर्यंत जातो, 3 च्या खाली घेऊ नका. नव्या फोनवर हे आकडे नसतील, नुसतं 'श्रवणयंत्राशी सुसंगत' असेल.

तिसरी वाट ब्लूटूथ, आणि याद्यांमधला खरा फरक इथे पडतो. काही यंत्रं आयफोनशी थेट जोडली जातात. अँड्रॉइडमध्ये अशा थेट जोडणीसाठी एएसएचए नावाची पद्धत आहे, अँड्रॉइड 10 पासून. त्यानंतरची एलई ऑडिओ, तिला अँड्रॉइड 13 आणि फोनच्या आतही तसं हार्डवेअर लागतं. अँड्रॉइड नवं आहे म्हणून या सोयी असतीलच असं नाही, फोन बनवणाऱ्याने त्या चालू ठेवलेल्या असाव्या लागतात. स्वस्तातल्या फोनमध्ये हेच आधी गळतं. उलट काही यंत्रं साध्या ब्लूटूथवर चालतात, त्यांना जवळजवळ कुठलाही फोन पुरतो.

तेव्हा आधी यंत्राचं मॉडेल बघा. यंत्र बनवणारे चालणाऱ्या फोनची यादी देतात. ती एका हातात आणि क-ख-ग दुसऱ्या हातात.

सिग्नलशोध्या
कर्णिकाताईंशी सहमत, पण एक प्रश्न राहिला. वडिलांना आवाज बारीक येतो की शब्द तुटतात? आणि हे घरातच होतं की बाहेरही?

घाईतली_गौरी
तुटतात पण. गच्चीत गेले की जरा बरं असतं. मला वाटायचं तिथे शांत असतं म्हणून.

सिग्नलशोध्या
मग दुखणी दोन आहेत. कान एक, घरातलं सिग्नल दुसरं. मोठ्या स्पीकरने तुटलेला शब्द जुळत नाही, तुटलेलाच मोठ्याने ऐकू येतो.

700-900 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, 3500 च्या, ज्यांवर 5जी बऱ्याचदा चालतं, फारशा येत नाहीत. म्हणून फोनवर 5जी लिहिलंय एवढ्याने घरात कॉल सुधारेल असं नाही. कंपनी तुमच्या भागात कुठले बँड (लहरींचे पट्टे) वापरते आणि फोन ते पकडतो का, हे बघायचं. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळे मॉडेल नंबर असतात आणि त्यांचे बँडही वेगळे असतात.

घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे साधा कॉल वायफायवरून. आणि इथे रमणरावांचं मला पटत नाही. व्होल्टी (4जीवरून होणारा कॉल) आणि वायफाय कॉलिंग कंपनीने त्या फोनसाठी चालू करून दिलेलं असावं लागतं. मोकळ्या फोनमध्ये सोय असूनही काही कंपन्यांच्या सिमवर ती चालत नाही. कंपनीच्या स्वतःच्या यादीतल्या फोनवर मात्र ती बहुतेक चालतेच.

रूटरमण
म्हणजे आम्ही पैसे मोजून घेतलेल्या फोनवर काय चालेल ते ते ठरवणार! ही दादागिरी आहे, आणि तुम्ही तिचं समर्थन करताय.

सिग्नलशोध्या
समर्थन नाही, वस्तुस्थिती सांगतोय. ऑस्ट्रेलियात 2024 च्या ऑक्टोबरअखेर 3जी बंद करायला घेतलं, तेव्हा ज्या फोनना 4जीवरून आपत्कालीन नंबर लावता येत नव्हता ते नेटवर्कवरून काढून टाकायचे असा नियम होता. त्यात नेटवर 4जी धावणारे फोनही होते. वडिलांच्या बाबतीत मी तत्त्वासाठी जुगार खेळणार नाही.

रूटरमण
तरी बूटलोडर...

कर्णिका
व्होल्टीचा कानालाही फायदा आहे. जुन्या साध्या कॉलमध्ये 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. व्होल्टीच्या एचडी कॉलमध्ये, पलीकडच्या फोनलाही ते जमत असेल तर, 50 ते 7000 पर्यंत. 'स', 'श', 'फ' यांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि वयाने ऐकू येणं कमी होतं तेही बहुधा तिथूनच. नुसता आवाज वाढवला की 'आ' मोठा होतो, 'स' तसाच हरवलेला. म्हणून तुम्ही ओरडता आणि ते म्हणतात, ओरडू नकोस, नीट बोल.

घाईतली_गौरी
हे वाक्य ते रोज म्हणतात. शब्दशः.

नेटके_नाना
आज काही घेऊ नका. आत्ताच्या फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग आहे का बघा. फुकटातलं आधी.

हिशेबी
आणि फोनला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं ते विचारा. पिक्सेल 8 पासून आणि गॅलक्सी एस24 पासून 7 वर्षं देताहेत. 'क' च्या छापाचे फोन 36 महिने अपडेट घेतील का, शंकाच आहे. हप्ते संपायच्या आत फोन म्हातारा व्हायला नको.

घाईतली_गौरी
अपडेट. वायफाय कॉलिंग होतं, बंद होतं. चालू करून खालच्या खोलीतून फोन लावला. तुटणं गेलं! 'काय?' मात्र अजून आहे. मशीनच्या डबीवरून मॉडेल शोधलं, ते एएसएचएवालं निघालं. आत्ताच्या फोनमध्ये ते नाही. 'ग' चा फुकट फोन मशीनवाल्यांच्या यादीत नाहीच. 'क' च्या यादीत चालणारे आहेत, पण महागडे. 'ख' कडे मधल्या किमतीत दोन सापडले. ऑफर गेली उडत. सोमवारी वडिलांना घेऊन 'ख' कडे जाते. आणखी काही बघायचं राहिलंय का?

बॅटरीबहाद्दर
त्या दोघांची बॅटरी किती?

कर्णिका
दुकानात मशीन जोडून खरा कॉल लावून बघा, गाणं वाजवून नाही. आणि एक वडिलांना आधीच सांगा: एएसएचएमध्ये आवाज कानात येतो, पण त्यांचं बोलणं फोनच्याच माइकमधून जातं. कॉल घेऊन फोन टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या खोलीत गेले, तर तुम्ही म्हणाल, 'काय? कोण?'