मदत हवी आहे: शिबिरातल्या मुलांची लाईफ जॅकेटं

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या युवक मंडळाची १२ ते १७ वयाची मुलं तारकर्लीला न्यायची आहेत. पट्टीची पोहणारी पोरं म्हणतात, जॅकेट घालून नीट हात मारता येत नाहीत. खरं आहे ते. पण २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, ते आठवलं की सूट द्यायला मन धजत नाही. ओहोटीची ओढ पोहणाऱ्यालाही सोडत नाही.

तुम्ही काय नियम ठेवता? सरसकट सगळ्यांना, की कमरेएवढ्या पाण्यात सूट?

शिवाय भाड्याची जॅकेटं मोठ्यांच्या मापाची. बकल लावूनही खांद्याला धरून उचललं की बारक्यांच्या कानापर्यंत येतात. पायांमधून पट्टा असलेली, वजनाप्रमाणे लहान मापं मालवणात कुठे मिळतील?