‘म्हाताऱ्यांनो, नवीन अल्बम नको’ म्हणणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

रात्रपाळी
काल ‘जुनी कॅसेट’ यांनी पोस्ट टाकली की डीप पर्पल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडने आता नवीन अल्बमचा नाद सोडावा, जुनी गाणी वाजवावीत, टाळ्या घ्याव्यात आणि मानाने घरी बसावं. वर शेवटी ‘कोणासाठी काढतात हे अल्बम?’ असा सवाल. तिथेच उत्तर देणार होतो, पण लिहिता लिहिता एवढं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

कोणासाठी म्हणजे काय? स्वतःसाठी! गायक गिलन आणि बेसवाला ग्लोव्हर १९४५ चे जन्मलेले, ड्रमर पेस १९४८ चा, त्यांचा गाजलेला अल्बम ‘मशीन हेड’ १९७२ चा. म्हणजे तुमच्या हिशेबाने या लोकांनी पंचविशीत जे केलं तेच पन्नास वर्षं रोज रात्री करत राहायचं आणि मधे काही नवीन सुचलं तर गिळून टाकायचं. सत्तरीतल्या लेखकाला कोणी सांगतं का, की बाबा रे नवीन कादंबरी नको, जुन्यातलीच पानं वाचून दाखव?

आणि ‘त्यांच्यात आता काही उरलं नाही’ हे कशावरून ठरवलं? प्रोड्यूसर बॉब एझ्रिनबरोबर २०१३ पासून जे अल्बम केलेत ते ऐकलेत का? ‘नाऊ व्हॉट’, ‘इन्फिनिट’, ‘वूश’, २०२४ चा ‘इक्वल्स वन’. गिलन आता किंचाळत नाही, खालच्या पट्टीत जवळजवळ गोष्ट सांगितल्यासारखा गातो, शब्द मुद्दाम मागे ठेवतो, ओळ संपता संपता हसतो. हे त्याला तिशीत जमलंच नसतं. पण आपल्याला किंकाळीच हवी, ती मिळाली नाही की माणूस संपला.

रोलिंग स्टोन्सचंच बघा. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ नंतर थेट २०२३ ला, ‘हॅकनी डायमंड्स’. गायक जॅगर तेव्हा ८० वर्षांचा. त्यातल्या दोन गाण्यांवर ड्रमर चार्ली वॉट्स आहे, जो २०२१ लाच गेला. ‘आता पुरे’ म्हणून बाकीचे घरी बसले असते तर ते ड्रम्स कुठल्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहिले असते.

जुनी कॅसेट
माझ्या नावाने धागा, धन्य झालो. उत्तर देतो.

लेखकाला घसा लागत नाही हो. तिथेच तुमची उपमा फसली. किंकाळ्यांचं ‘चाइल्ड इन टाइम’ गिलनने स्टेजवर गाणं सोडून वीसेक वर्षं झाली आणि का सोडलं ते त्यालाही माहितीय, तुम्हालाही. सगळेच आधी अर्धा स्वर खाली उतरतात, मग एक स्वर, मग कोरसला तीन माणसं उभी करतात. स्टुडिओत हे सगळं झाकता येतं म्हणून अल्बम बरा वाटतो.

आणि पर्पलचा तो निरोपाचा दौरा? ‘द लाँग गुडबाय’ २०१७ ला सुरू झाला. त्यानंतर किती अल्बम आले तुम्हीच मोजलेत. निरोप इतका लांबला की निरोप घ्यायला निघालेला गिटारवालाच मधे बदलला.

स्वतः पाहिलेलं सांगतो. एका जुन्या बँडच्या शोला (नाव घेत नाही, उगाच भांडण वाढायचं) मी अगदी पुढे कठड्याला रेलून उभा होतो. गायक म्हणाला, आता नवीन अल्बममधलं एक. माझ्या मागची सगळी रांग मुतायला गेली. सगळी! आणि गायक पायाशी ठेवलेल्या स्क्रीनवरून शब्द वाचत होता, स्वतः लिहिलेले. चष्मा नव्हता म्हणून वाकून. मला लाज वाटली, त्याच्यासाठी. ते बघायला पैसे भरले नव्हते.

साडेतीन मिनिटं
कॅसेटशी १०० टक्के सहमत. लेड झेपलिनने करून दाखवलंय. १९८० ला ड्रमर बोनम गेला, दुकान बंद. २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात एक रात्र वाजवलं, जग वेडं झालं, आणि गायक प्लांटने पुढचा दौरा नको म्हणून सांगितलं. याला म्हणतात अब्रू.

रात्रपाळी
आणि त्याच वर्षी त्याच प्लांटने गायिका ॲलिसन क्राउसबरोबर ‘रेझिंग सँड’ काढला, ज्याला २००९ ला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. माणूस घरी बसला नाही, नवीन रेकॉर्डिंगच करत होता. उदाहरण माझ्याच बाजूने दिल्याबद्दल आभार.

साडेतीन मिनिटं
अहो पण झेपलिनच्या नावाने नाही ना काढला! मुद्दा नावाचाच आहे. वेगळ्या नावाने खुशाल शंभर अल्बम काढा.

डबल पेडल
नावावरून आठवलं, ब्लॅक सॅबथचा अल्बम ‘१३’. मूळ ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या भांडणात बाहेर, ड्रम्सवर रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क. विल्क चांगलाच आहे, पण वॉर्डचा हात स्विंगचा होता, बीटच्या जरा मागे लटकायचा, तीच सॅबथची चाल. विल्क बरोबर बीटवर मारतो. चार म्हाताऱ्यांतल्या तिघांना घेऊन चौथ्याला बाहेर ठेवून ‘ओरिजिनल सॅबथ परत आला’ म्हणायचं हे मला अजून पचलेलं नाही. अल्बम काढा, पण ड्रमरला धरून काढा. गायक नाराज झाला तर दौरा रद्द, ड्रमर नाराज झाला तर दुसरा ड्रमर. मी स्वतः वाजवायचो, आमच्यातही हेच. पोस्टरवर बाकीच्यांचे चेहरे आणि माझ्या तोंडावर क्रॅश सिंबल.

सपाट वेव्हफॉर्म
‘१३’ चा विषय निघालाच आहे तर कोणीतरी बोलायला हवं. या सगळ्या म्हाताऱ्या बँडच्या नव्या अल्बमचा खरा आजार वय नाहीये, मास्टरिंग आहे, म्हणजे अल्बमच्या आवाजावरचा शेवटचा हात. ‘१३’ ऐका आणि लगेच १९७० चा ‘पॅरानॉइड’ लावा. जुन्यात स्नेअर ड्रम छातीवर येतो, नव्यात सगळं एका पातळीवर चेपलेलं, विटेसारखं. प्रोड्यूसर कोण? रिक रूबिन. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ कोणाच्या हातचा? रूबिनच्याच. त्या वेळी गिटार हीरो गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा बरी ऐकू येत होती कारण गेमला दिलेले ट्रॅक तेवढे चेपलेले नव्हते, लोकांनी गेममधून काढून आपापल्या कॉप्या बनवल्या, पिटिशन केली. मास्टरिंग इंजिनियर टेड जेन्सननेसुद्धा सांगितलं होतं की मिक्स माझ्याकडे आले तेव्हाच ठेचलेले होते.

लोक म्हणतात नव्या अल्बममध्ये जान नाही, ऐकून थकायला होतं. अहो थकणारच! कानाला पाऊण तास विश्रांतीच नाही.

तिरपागडे
आले. मी वाटच बघत होतो, मास्टरिंगवर गाडी जायला किती प्रतिसाद लागतात ते. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

साडेतीन मिनिटं
@वेव्हफॉर्म, हे जरा अतीच होतंय. बहुतेक जण फोनवर ऐकतात. गाणं चांगलं असेल तर चेपलेलंही चालतं.

सपाट वेव्हफॉर्म
फोनवर ऐकतात म्हणूनच तर! स्पॉटिफाय सगळं उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं. म्हणजे तुम्ही अल्बम कितीही मोठ्याने मास्टर करा, तिथे गेल्यावर आवाज खालीच येणार आणि चेपल्याचं नुकसान तेवढं उरणार. मोठ्या आवाजाचा फायदा शून्य. तरी अजून चालूच आहे, ‘हॅकनी डायमंड्स’ पण तसाच. स्टोन्सच्या गिटारवाल्या कीथचा रिफ (गिटारचा तुकडा) थांबतो आणि पुढचा येतो त्या मधल्या फटीत त्याची सगळी कला होती. ती फटच बुजवून टाकलीय. व्हायनिल (काळी तबकडी) घ्या, फरक कळेल.

मधली ओळ
व्हायनिल घ्या म्हणे. पुष्कळदा त्याच चेपलेल्या मास्टरवरून कापलेली असते. आणि व्हायनिलचे डीआर आकडे (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक) बघून ‘बघा डायनॅमिक रेंज जास्त’ म्हणणाऱ्यांसाठी, ते मोजमाप फसवं आहे. सुईवरून परत रेकॉर्ड केलं की फेज हलते, पीक वर जातात, आकडा वाढतो. तेच मास्टर असलं तरी वाढतो.

सपाट वेव्हफॉर्म
मी आकड्यांबद्दल बोललोच नाही, कानांबद्दल बोललो. आकडे तुम्ही आणलेत. तुमचे कान कसे आहेत मला माहीत नाही.

मधली ओळ
माझे कान बरे आहेत, धन्यवाद. ब्लाइंड टेस्ट द्यायची तयारी आहे का तुमची? का नेहमीसारखं आधी कव्हर बघून मग ऐकणार?

सपाट वेव्हफॉर्म
कधीही. फाइल्स पाठवा. पण आवाजाची पातळी सारखी करून, नाहीतर जो मोठा तोच बरा वाटतो हे शेंबडं पोरही सांगेल.

डबल पेडल
ड्रमरचा मुद्दा कोणी वाचलासुद्धा नाही. नेहमीचंच.

रात्रपाळी
लोकहो, अल्बम काढावा की नाही हा विषय होता.

@जुनी कॅसेट, तुम्ही पाहिलं ते मी खोटं म्हणत नाही. पण रांग मुतायला गेली यात गायकाचा काय दोष? आणि स्क्रीनवर जुन्या गाण्यांचेही शब्द असतात, तेव्हा तुमचं लक्ष गेलं नाही कारण तुम्ही स्वतःच ओरडत गात होता. वाकून, न दिसणारे शब्द वाचत, अर्धं मैदान पाठ फिरवून चाललेलं असताना माणूस नवीन गाणं म्हणतो. मला यात लाज नाही, हिंमत दिसते. सोपं काय होतं? तेच जुनं लावायचं, लोक खूश.

जुनी कॅसेट
हिंमत नाही, प्रमोशन. अल्बम काढला की दौऱ्याला नाव देता येतं, मुलाखती मिळतात, तिकिटं महाग करता येतात. भाबडे आहात.

मधली ओळ
हे उलटं आहे. दौरा विकायला अल्बम लागतच नाही. किस बँडने २०१२ च्या ‘मॉन्स्टर’नंतर अल्बमच काढला नाही, तरी २०२३ च्या २ डिसेंबरपर्यंत निरोपाचा दौरा चालवला, आणि एक निरोप त्याआधी २००० लाच घेऊन झाला होता. शेवटी स्टेजवर काय आणलं? स्वतःचे डिजिटल अवतार. ज्यांना नुसते पैसे हवेत ते अल्बमच्या फंदात पडत नाहीत, अवतार काढतात. अल्बम काढणारे निदान गाणी लिहितायत.

एसी/डीसीचा ‘पॉवर अप’ घ्या. २०२० चा. गिटारवाल्या दोन भावांतला माल्कम २०१७ ला गेला, पण सगळी गाणी अँगस आणि माल्कम अशा दोघांच्या नावावर, कारण दोघांनी जमवून ठेवलेल्या जुन्या कल्पनांमधूनच अँगसने तो बांधला. गायक ब्रायन जॉन्सन ऐकू येत नाही म्हणून २०१६ ला दौऱ्यातून बाहेर गेलेला, तो परत गायला. कोणाला प्रमोशन म्हणायचं असेल तर म्हणा.

साडेतीन मिनिटं
आणि एसी/डीसीने नवीन काय केलं त्यात? तेच तीन कॉर्ड. नवीन अल्बम कुठला, जुनाच परत.

मधली ओळ
वेगळं केलं की ‘हे ते राहिले नाहीत’, तसंच केलं की ‘तेच तेच’. एकदा ठरवून सांगा, आम्ही कळवतो त्यांना.

तिरपागडे
हसून हसून पुरेवाट. हा आजचा सर्वोत्तम प्रतिसाद, बाकीचे मास्टरिंगवाले घरी जाऊ शकतात.

रात्रपाळी
घरचं एक सांगतो, पुरावा म्हणून नाही. माझे बाबा कट्टर जॉन लॉर्डवाले. पर्पलचा हा ऑर्गनवाला २००२ ला बाहेर पडला, बाबांचं पर्पल तिथेच संपलं, त्याच्या जागी आलेल्या डॉन एअरीचं नाव काढलं की चॅनल बदलायचे. मागे गाडीत मी काही न सांगता ‘इन्फिनिट’ लावला. गिलनचा आवाज त्यांनी ओळखला, ‘याचा सोलो का?’ म्हणाले. मग ऑर्गनचा एक तुकडा आला आणि बोटांनी गुडघ्यावर वाजवायला लागले, ‘हा लॉर्डचा चेला असणार’. नाव सांगितल्यावर पाच मिनिटं बोलले नाहीत. नंतर म्हणाले, आवाज वाढव.

जुनी कॅसेट
बाबांना नमस्कार सांगा. पण तुम्ही नाव लपवून ऐकवलंत हे लक्षात घ्या. म्हणजे नाव आड येतं हे तुम्हीच सिद्ध केलं, ‘वेगळ्या नावाने काढा’ हा साडेतीन यांचा मुद्दा बरोबर ठरला.

रात्रपाळी
नाव ऐकणाऱ्याच्या आड येतं, वाजवणाऱ्याच्या नाही. दुरुस्ती ऐकणाऱ्याने करायची.

डबल पेडल
जुदास प्रीस्ट कोणी बोललंच नाही. त्यांच्या गिटारवाल्या ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स, २०१८ ला जाहीर केलं, दौऱ्यावर त्याच्या जागी अँडी स्नीप उभा राहतो. तरी २०२४ च्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’वर टिप्टन आहे. स्टेजवर रोज रात्री दोन तास हात चालणार नाही, पण स्टुडिओत थांबून, परत घेऊन, चांगल्या दिवशी वाजवता येतं. म्हणजे कॅसेट म्हणतात त्याच्या बरोब्बर उलटं: या वयात दौरा बंद करा आणि अल्बम काढा. झाकाझाक होते म्हणे स्टुडिओत. होऊ दे की.

साडेतीन मिनिटं
हा मुद्दा आहे. चिडचिड होतेय पण आहे.

जुनी कॅसेट
ठीक. प्रीस्ट आणि क्युअर एवढे दोन सोडतो. क्युअरचा ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ १६ वर्षांनी आला, पहिल्या गाण्यात तीन मिनिटांच्या वर नुसती वाद्यं, मग कुठे गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो, आणि आवाज जसाच्या तसा. तो अल्बम मी घेतलाय, ऐकतोय. पण त्याने १६ वर्षं थांबून काढला, दर तीन वर्षांनी रतीब घातला नाही. पर्पलबद्दल माझं मत आहे तिथेच आहे. ‘इक्वल्स वन’ काल रात्री पूर्ण ऐकला, तुमच्यामुळे. एअरी बरा आहे. नवा गिटारवाला मॅकब्राइड चांगला आहे. गाणी चारेक चालतील. अल्बमची गरज नव्हती.

रात्रपाळी
चार गाणी चालतील आणि अल्बमची गरज नव्हती. वा. ती चार आली कुठून असती मग?

जुनी कॅसेट
ईपी काढायची, चार गाण्यांची.

सपाट वेव्हफॉर्म
@जुनी कॅसेट, काल ऐकलात तो स्ट्रीमिंगवर की सीडी? आणि नॉर्मलायझेशन (सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणणं) चालू होतं की बंद? त्याशिवाय ‘बरा आहे’ला काही अर्थ नाही.