मदत हवी आहे: तालुकावार हृदयविकार व पक्षाघात मृत्युदर

एका जिल्ह्यात २०११ ते २०१९ मध्ये हृदयविकार (आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले कोड आय२० ते आय२५) आणि पक्षाघाताचे (आय६० ते आय६९) मृत्यू तालुकावार वाढले की घटले, ते काढतोय. ३५-६४ आणि ६५ च्या पुढचे गट वेगळे ठेवून वय-प्रमाणित दर (लोकसंख्येतल्या वयाच्या फरकाचा परिणाम काढून टाकलेले) काढलेत. तालुक्यातले आकडे लहान, म्हणून तीन-तीन वर्षं एकत्र. नोंद मृत्यू घडला तिथे होते, त्यामुळे मोठं रुग्णालय असलेला तालुका उगाच फुगतो. राहत्या पत्त्यावरून पुन्हा वाटणी केलीय. कोविडची वर्षं मुद्दाम टाळली.

अडलंय कारणावर. नमुना ४ वर (मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला) बऱ्याचदा नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' असतं, मूळ कारणाची ओळ कोरी. ते आय४६ (हृदयक्रिया बंद पडणं) या कोडात जातं, हृदयविकाराच्या आय२० ते आय२५ मध्ये नाही. दाखले नीट भरले जाऊ लागले की आजार तेवढाच असूनही दर चढलेला दिसतो. सगळे आय४६ हृदयविकारात टाकणं पटत नाही, हृदय तर प्रत्येक मृत्यूत थांबतं. मूळ कागद मिळणार नाहीत; हाती फक्त वय, लिंग, पत्ता, कोड.

मग आय४६ इतर कारणांत वाटताना प्रमाण प्रत्येक वयोगट-लिंगासाठी तालुक्याचं घ्यावं की अख्ख्या जिल्ह्याचं, आणि ते तिन्ही कालखंडांना एकच ठेवावं का?