विहिरीवरच्या मोटारी-केबली चोरी, गावात रात्रीची गस्त चालू करायचीय, कुणाचा अनुभव?

बांधावरचा:
राम राम मंडळी. नगर जिल्ह्यातलं गाव आमचं. दिवाळीपासून शिवारातल्या केबली जायला लागल्यात, आमच्या वस्तीवर तर मोटारच उचलली, ती पण ऐन कांद्याला पाणी द्यायच्या टायमाला. तक्रार दिली, तपास चालूय म्हणतात. आता पोरं म्हणतात आपणच दांडके घेऊन फिरायचं, सापडला की आधी धुवायचा मग पोलिसांना फोन. ग्रामसुरक्षा दल खरंच कुठं चालतंय का, का नुसतं कागदावर? आमची तंटामुक्त समिती फक्त अध्यक्ष निवडण्यापुरती, त्यात पण तंटा होतोच.

पाटीलकी:
मी पोलीस पाटील आहे, दुसऱ्या तालुक्यात. आधी ते धुवायचं डोक्यातून काढा. चोरी डोळ्यादेखत झाली तर धरायचा अधिकार आपल्याला पण आहे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये, पण ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. मारलं तर केस तुमच्या पोरांवर, चोर राहिला बाजूला. ११२ ला फोन करा म्हणजे कॉलची नोंद राहते. आणि गस्तीला जाणाऱ्यांच्या नावांची यादी ठाण्यात देऊन ठेवा, नाहीतर रात्री २ ला पोलीस गाडी तुम्हालाच थांबवणार 😄

भटक्या:
मला वेगळंच विचारायचंय, गस्तीत संशयित म्हणून थांबवणार कुणाला? गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्यालाच ना? राईनपाडा विसरलात का, धुळे जिल्हा, १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मोबाईलवर अफवा आणि भिक्षा मागून खाणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. इंग्रजांनी १८७१ ला आख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ ला गेला, पण गावात काही चोरीला गेलं की पहिलं बोट अजून आमच्याकडंच. गस्त घाला पण व्हॉट्सअपवर कुणाचे फोटो फिरवू नका एवढंच.

कांदाभाकर:
भटक्या भाऊ बरोबर बोलले. २०२४ ला चोर ड्रोनने घरं हेरतात अशी अफवा उठली, तेव्हा ड्रोन दिसला ड्रोन दिसला करून आमच्याकडं आख्खं गाव रस्त्यावर होतं, एका पाहुण्याला मार बसता बसता राहिला, आणि आठवड्यात सगळे परत झोपायला. नुसत्या उत्साहावर गस्त टिकत नाय. आम्ही वस्तीवार पाळी लावली, चौघं चौघं, प्रत्येक घरातून एक माणूस, पुढाऱ्याचं घर पण सुटलं नाय, म्हणून चाललं. आणि मेन म्हणजे केबल जाळून तांबं काढतात, ते विकतात कुठं? भंगारात. ठाण्याला लेखी अर्ज देऊन भंगारवाल्यांची खरेदी तपासायला लावा. मोटारीवर ग्राइंडरने नाव कोरून घ्या, सापडली तर आपलीच आहे हे तरी सांगता येतं, नाहीतर सगळ्या मोटारी सारख्याच.

बांधावरचा:
आभारी आहे सगळ्यांचा. यादीचं आमच्या पोलीस पाटलांना बोललो, शनिवारी ठाण्यात जातोय. भंगारवाल्याचा विषय ग्रुपवर टाकला तर दांडक्यावाल्यांतलाच एक म्हणतो तो माझा सख्खा मामा लागतो, त्याचं नाव घ्यायचं नाय. आता बोला.