एरोसॉल कॅनची गळती : गॅस्केटआधी कोलेट तपासा

एरोसॉल कॅनच्या ‘व्हॉल्व्हमधून गॅस फुसफुसतोय म्हणजे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी रबरी चकती) खराब’ असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर. गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी कोलेटची (कॅनच्या तोंडावर व्हॉल्व्ह घट्ट बसवणाऱ्या यंत्रातल्या, बोटांसारख्या पात्या असलेल्या भागाची) बोटं झिजली असतील तर कॅन गळणारच. कोलेट व्हॉल्व्ह कपच्या, म्हणजे व्हॉल्व्ह धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या वाटीच्या, आत उतरतं, मग मधला निमुळता दांडा खाली येऊन बोटं बाहेर फाकवतो आणि कपची भिंत कॅनच्या २५.४ मिमी तोंडाच्या गोल कडेखाली दाबली जाते. इथे दोन मापं सांभाळायची: फाकल्यावरचा व्यास साधारण २७ मिमी आणि खोली (कपच्या वरच्या कडेपासून दाबाच्या खुणेपर्यंत) साधारण ५ मिमी. नेमका आकडा मात्र व्हॉल्व्हवाल्याच्या कागदावरूनच घ्या. गॅस्केटची जाडी बदलली की खोली बदलते, हे निम्मे लोक विसरतात.

व्यास दांड्याच्या स्ट्रोकवर (तो किती खाली येतो त्यावर) ठरतो, खोली स्टॉप रिंगवर (कोलेट किती खाली उतरेल ते अडवणाऱ्या कड्यावर). एक बिघडलं म्हणून दुसरं फिरवू नका. व्यास एकाच जागी मोजून भागत नाही, प्रत्येक बोटाच्या खुणेवर मोजा. एकच खूण उथळ दिसली तर ते बोट झिजलंय किंवा तुटलंय. व्यास जास्त झाला तर कपच्या पत्र्याला बारीक तडा जातो. तो लगेच दिसत नाही, गंज चढल्यावर कळतो. दांड्याला ग्रीस अगदी पुसट, नाहीतर थेट कपात उतरतं. आणि नागपूरजवळच्या हिंगण्यात जानेवारीत पास झालेला माल मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये फुसफुसू लागतो, कारण उष्णतेने आतला दाब वाढतो. म्हणून गरम पाण्याच्या टाकीतली चाचणी (भरलेला कॅन बुडवून गळती बघण्याची) थंडीतही टाळू नका.